चकतीवरचे सात हंस

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

शेजारच्या मिसेस ओइकावांनी आज मला तलवार दिली! हो, तलवार. मी लिंबाचं लोणचं द्यायला गेले होते. बाटली घेऊन त्या आत गेल्या आणि हातभर लांबीची रेशमी पिशवी घेऊन बाहेर आल्या. "यू आर बुद्धिस्ट टू," म्हणाल्या. एक्क्याण्णव वर्षांची बाई, मूलबाळ नाही, दोन आठवड्यांत केअर होममध्ये जाणार. पुतण्याला दिली तर तो लगेच ऑनलाइन विकेल म्हणे.

मी म्हटलं, आमचं पहिलंच शील हिंसा न करण्याचं, मी हिचं काय करू? तर म्हणाल्या, ही मारायची वस्तू नाही, धरायची आहे. "माय मदर हेल्ड इट एव्हरी डे. आफ्टर माय ब्रदर." मी पुढचं विचारलं नाही. मूल गेलेल्या घराला दुसरं तसलं घर लांबून ओळखू येतं.

वाकिझाशी म्हणतात हिला. आखूड तलवार, दोनशे वर्षांपूर्वीची. १९४२ साली इथल्या सरकारने जपानी लोकांना घरांतून उचलून कॅम्पात पाठवलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरली होती. कित्येक वर्षांनी परत जाऊन उकरून काढली. पात्याला लवंगेचं तेल लावलेलं आहे, सहा महिने बघायला नको, उगीच बाहेर काढायची नाही. एवढ्या सूचना. मी बिलकुल काढणार नाही बाई!

घरी आणली तर हे नुसते बघत राहिले. (कॅनडात आल्यावर मी यांना चारचौघांत भगवान म्हणायला शिकले, पण वहीत 'हे'च येतं.) "बेसमेंटमध्ये ठेव," एवढंच बोलले. प्रीतमच्या पुस्तकांच्या शेल्फावर ठेवली. प्रीतम गेल्यापासून ती खोली तशीच आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा तिथे नवीन वस्तू गेली.

१३ ऑक्टोबर, रविवार

उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिन. पितळेची बुद्धमूर्ती दरवर्षीसारखी चिंच-मीठ लावून घासली. चिंचेचा कोळ उरला. टाकायचा कशाला? बेसमेंटमधून तलवार आणली. पातं म्यानातच ठेवलं, पण मूठ आणि म्यान यांच्यामध्ये पुरीएवढी एक चकती आहे, ती काळीकुट्ट. दोनशे वर्षांची काजळी! म्यानाला प्लॅस्टिक गुंडाळलं आणि बसले घासायला. एक तास लागला. काळं सगळं निघालं आणि खालून तांबूस लखलखाट! त्यावर उडणारे हंस. सात. इथल्या पार्कात लेंड्या टाकून ठेवतात तेच, पण किती नाजूक. एकेक पीस कोरलेलं.

यांना दाखवली. "छान," म्हणाले. दोन वर्षांत यांच्या तोंडून आलेला सगळ्यात मोठा शब्द!

१४ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, म्हणून विहारात गर्दी. प्रभाताई सहा डिसेंबरच्या कार्यक्रमाचं आत्तापासून विचारत होत्या. मी पाणी प्यायला उठले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मिसेस ओइकावा गेल्या केअर होममध्ये. योगायोग असा की मी जिथल्या किचनमध्ये काम करते तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. मला बरं वाटलं. रोज दिसतील.

चकतीचा फोटो काढला होता तो कौतुकाने राजनला दाखवला. किंग्स्टन रोडवर याचं जुन्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे, जाफनाचा माणूस, मिसेस ओइकावांनीच नंबर दिला होता. फोटो बघून त्याने डोक्याला हात लावला.

"आंटी, व्हॉट डिड यू डू?"

ते काळं म्हणजे काजळी नव्हती. तोच रंग होता! तांब्यात थोडं सोनं घालतात, मग औषधी पाण्यात उकळून उकळून तो काळा रंग आणतात. जांभळ्या झाकेचा. दोनशे वर्षं जपलेलं मी चिंचेने एका तासात धुऊन टाकलं. शरमेने मेले! आपल्याकडे चकाकलं म्हणजे स्वच्छ. दुसरं काही शिकलोच नाही.

परत काळं होईल का विचारलं. म्हणाला, नवीन औषध लावू नका, आणखी बिघडेल. माणसाच्या हाताने येतो तो रंग. घामाने, कातडीच्या तेलाने. रोज धरलं तर हळूहळू येईल. किती हळू? "टेन इयर्स. ट्वेंटी." हसला. मला हसू आलं नाही.

लिहिताना परत शाई पुसली गेली. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं हे नशीबच. शाळेत बाईंनी पट्ट्या मारमारून बघितलं, हात काही बदलला नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

घरात लवंगेचा वास येतो. मसाला केलेला नाही. यांना विचारलं, दात दुखतोय का? नाही म्हणाले.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. आता पाच वाजताच अंधार. दर वर्षी वाटतं, या देशात कोणीतरी दुपार चोरून नेतं.

माझं चाललंय ते असं — सकाळी सहाची शिफ्ट, दोनला सुटते, घरी येऊन डॉक्टरची गोळी घेते आणि तीनपासून पाचपर्यंत मेल्यासारखी झोपते. रात्री झोप येतच नाही, मग दुपारी तरी. आज उठले तेव्हा हे पलंगाशेजारी खुर्चीवर बसलेले. अंधारात, दिवा न लावता.

"काय झालं?"

"काही नाही. कशी झोप लागली?"

चेहरा पांढराफटक होता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बेसमेंटमध्ये गेले होते धुणं लावायला. सहज प्रीतमच्या खोलीत डोकावले. चकती बघितली आणि उभ्या उभ्या गार पडले. एक हंस काळा झालाय. एकच. बाकी सहा तांबूस, आणि हा कडेचा काळा, जांभळ्या झाकेचा. अगदी आधी होता तसा.

वीस वर्षं म्हणाला होता राजन. तीन आठवडे झालेत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दोन काळे. मूठही तिथे तुकतुकीत दिसते. आणि लवंगेचा वास माझ्या उशीला! नाक खुपसून बघितलं. म्हणजे कोणीतरी तलवार हाताळून येऊन माझ्या उशाशी बसतं. घरात दोनच माणसं आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

हे आता दुपारी घर सोडत नाहीत. आधी तीन वाजता मॉलमध्ये कॉफीला जायचे, निवृत्त मित्रांची टोळी असते. रवींद्रभाऊंचा फोन आला होता, "वहिनी, भगवान रागावलाय का आमच्यावर? आठवडाभर आला नाही." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

विचारलं तर म्हणाले, थंडी आहे. तीस वर्षं बँकेत उणे वीसमध्ये बस पकडून गेलेला माणूस!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

खालून आवाज येतो. खर्र, खर्र, खर्र. थांबतो, परत खर्र. संध्याकाळी जेवणानंतर तासभर. मी जिन्याच्या दारापर्यंत गेले. दाराला आतून कडी. "काय करताय?" तर म्हणाले, "खुर्चीचा पाय करतोय." निवृत्त झाल्यावर कम्युनिटी सेंटरमध्ये सुतारकाम शिकले, चपलांचं कपाट केलं होतं. खरं असेल.

पण आपल्या घरात कुठल्या खुर्चीचा पाय मोडलाय?

१३ नोव्हेंबर, बुधवार

धार लावताहेत. मला दुसरं काही सुचतच नाही. धार लावताहेत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मिसेस ओइकावांना न्यूमोनिया. ब्रेकमध्ये वर जाऊन भेटले. ऑक्सिजन लावलेला, हात कागदासारखा. मला वाटलं ओळखणार नाहीत. तर डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"व्हिच वन ऑफ यू इज होल्डिंग इट?"

कोण धरतंय, तू की तो. मी एक शब्द सांगितला नव्हता त्यांना! मी म्हटलं, माझे मिस्टर. त्यांनी मान हलवली, हो की नाही कळलं नाही. मग आईची गोष्ट सांगितली, तुटक तुटक. भाऊ कॅम्पातून लाकूडतोडीच्या कामावर गेला होता. परत आला नाही. तलवार उकरून आणल्यावर आई रोज मांडीवर घेऊन बसायची. बाबांना वाटायचं बरं आहे, काहीतरी धरून बसते. नुसती मूठच धरते. एक दिवस तिने मूठ धरली आणि म्यान खाली ठेवलं.

मी विचारलं, मग? त्यांनी डोळे मिटले होते.

मला त्याच क्षणी यांच्याकडे पळत सुटावंसं वाटलं. नव्वद ट्रे भरायचे राहिले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

भाजीचा मोठा सुरा सापडत नाही. सगळं किचन उलटंपालटं केलं. यांनी मान वर न करता सांगितलं, "दुसरा वापर." दुसरा म्हणजे सफरचंद कापायचा, बोटभर!

मी काय करू? कोणाला सांगू? विहारात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत किचनरपासून मिसिसागापर्यंत फोन जातील. हेल्पलाइनचा नंबर लिहून फ्रिजवर लावलाय, ग्रोसरीच्या यादीमागे. मी काही फोन लावला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मिसेस ओइकावा पहाटे गेल्या. मी ओट्सचा ट्रे घेऊन गेले तर पलंग रिकामा.

२० नोव्हेंबर, बुधवार

धीर करून तलवार उचलली. हलकी लागली! पहिल्या दिवशी मनगट दुखलं होतं मला ती आणताना. आज बघितलं तर जशी नुसती पिशवीच. वजन कुठे गेलं? मला वेड लागतंय का? पातं काढून बघायचं धाडस झालं नाही. बाहेर काढायची नाही असं मेलेल्या बाईला कबूल केलंय.

चार हंस काळे झालेत. राहिले तीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज हे चार शब्द तरी बोलले. मी विचारलं होतं, "अहो, तुम्हाला प्रीतमची आठवण येते का खाली बसून?"

"तुला येते का?" म्हणाले.

काय प्रश्न आहे हा! मी चिडले. नको ते बोलून गेले. म्हटलं, विंटर टायर्स वेळेवर लावून दिले असते तर आज तो असता. गाडीचं सगळं तुम्हीच बघत होता ना? दोन वर्षं हेच म्हणत आलेय. ते दोन वर्षं ऐकत आलेत. आज मात्र माझ्याकडे इतकं विचित्र बघितलं. राग नाही. कीव केल्यासारखं. त्यापेक्षा त्यांनी माझ्यावर हात उगारला असता तर परवडलं असतं.

मग उठून माझ्या हाताला साबण लावून दिला. बेसिनपाशी नेऊन, लहान मुलासारखं. "हात धू," म्हणाले. मी धुतले. का, ते विचारलंसुद्धा नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पाच.

१ डिसेंबर, रविवार

सहा. पहिलं शोव्हल करण्याजोगं स्नो पडलं. ड्राइव्हवे मीच साफ केला, यांना दुपारी बाहेर यायचंच नव्हतं.

तारीख जवळ येते तसे हंस काळे होताहेत. सहाव्या तारखेला सातवा होणार. माझी खात्री आहे. त्या दिवशी हे काहीतरी करणार. मी तलवार उद्या-परवा घराबाहेर काढते. राजनला देऊन टाकते. फुकट घे म्हणेन.

४ डिसेंबर, बुधवार

शिफ्ट बदलून घेतली. हे आंघोळीला गेल्यावर तलवार योगा मॅटच्या पिशवीत घातली आणि बसने गेले. मांडीवर पिशवी. शेजारची मुलगी विचारते, "हॉट योगा?" मी म्हटलं येस.

राजनने दिव्याखाली चकती धरली. मग म्हणाला, आंटी, कोणीतरी ही रोज तास-दीड तास घट्ट धरतंय. घामेजलेल्या हाताने. चुकून लागलेला हात असा रंग आणत नाही. "समवन इज होल्डिंग ऑन फॉर डिअर लाइफ." आणि मग मूठ फिरवून त्याने आपली बोटं चकतीवरच्या काळ्या डागांवर बसवून बघितली. बसेनात. दुसऱ्या हाताची बसवली. बसली.

"फनी. इज युअर हजबंड लेफ्टी?"

मी म्हटलं नो.

मग त्याने मुठीतली बांबूची बारीक मेख हातोडीने ठोकून काढली, मूठ ओढली, म्यान उघडलं. आत पातं नव्हतं! लाकूड होतं. पात्याच्याच आकाराचं, तसाच हलकासा बाक, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेलं मेपलचं लाकूड. राजन खूश झाला. म्हणे जपानमध्ये असंच करतात, खरं पातं वेगळ्या साध्या म्यानात झोपवायचं आणि अंगावरचे दागिने, म्हणजे मूठ-चकती, लाकडी पात्यावर चढवून ठेवायचे. कोणी केलं, विचारत होता. फार सुंदर हात आहे म्हणाला.

खर्र, खर्र. ते हे होतं.

मग खरं पातं कुठे आहे? कोणापासून लपवलंय? बसमध्ये परत येताना मी मॅटच्या पिशवीत हात घालून बसले होते. तीन स्टॉप गेल्यावर लक्षात आलं, डावा हात. बोटं आपोआप जागेवर जाऊन बसली होती.

यांना काही विचारलं नाही. तलवार परत शेल्फावर ठेवली.

५ डिसेंबर, गुरुवार

आज इथे लिहिते. कुठेच लिहिलं नव्हतं, या वहीतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सहा डिसेंबरला सकाळी प्रीतमचा किचनरहून, त्याच्या नोकरीच्या गावाहून, फोन आला होता. "आई, इट्स स्नोइंग लाइक क्रेझी. मी ऑनलाइन जॉइन करतो ना." हे गाडी साफ करत होते बाहेर. मी म्हटलं, बाबासाहेबांसाठी वर्षातून एक दिवस येता येत नाही तुला? ज्यांच्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसून पगार घेतोस? लोक विचारतात मला, मुलगा का येत नाही. शेवटचं वाक्य खरं होतं. लोक विचारतात. त्यासाठी मी त्याला त्या हायवेवर बोलावलं.

"ओके आई. निघतो," म्हणाला. चिडला नाही. चिडला असता तर कदाचित आला नसता.

टायर्सचं मी यांच्यावर ढकललं. पहिल्या दिवशी, हॉस्पिटलमध्येच. मग ते तिथेच राहिलं. मी उचललं नाही.

आज दुपारी गोळी घेणार नाही म्हटलं होतं. घेतली.

६ डिसेंबर, शुक्रवार

यांनी सांगितलं. रोज चारच्या सुमाराला मी पलंगावरून उठते. डोळे उघडे असतात पण मला दिसत नाही. खाली जाते, डाव्या हाताने मूठ धरते, टोक पोटाशी घेऊन प्रीतमच्या पलंगावर बसते. हे पायरीवर बसतात. जागं करायची भीती वाटली, म्हणून आधी पातं काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. मग लाकूड तासलं. मग सुरा उचलला. माझ्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास राहायचा, म्हणून त्या दिवशी साबण. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय, अपॉइंटमेंट घेतलीय.

मी विचारलं, मी काही बोलते का?

म्हणाले, "एकच बोलतेस. नको येऊस बाळा, बर्फ आहे. ऑनलाइन जॉइन कर."

महिनाभर रोज ऐकताहेत! मी टायर्सचं बोलले त्या दिवशीसुद्धा चार वाजता ऐकलं होतं.

खाली जाऊन दोघांनी बघितलं. सातवा काळा झालाय. यांनी तलवार उचलून माझ्या डाव्या हातात दिली आणि शेजारी बसले. "धर," म्हणाले, "हवा तेवढा वेळ धर. लाकूडच आहे."